झाडाखालचा माणूस आणि पोटावरचा रिमोट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोबाइलवर टाइप केलंय, बोटं आमची पाने-पक्कड धरणारी, त्यामुळे शुद्धलेखनाचं तुम्हीच बघून घ्या. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी केली, रिटायर होऊन गावी आलो, दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला थोडं आगर आहे, माड, पोफळी, चार फणस, वर डोंगरात कलमं. विषय झाडं तोडणाऱ्या माणसांचा आहे. तुमच्या पेपरात दर पावसाळ्यात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, झाड अंगावर पडून एकाचा मृत्यू, गावाचं नाव, वय, पोलिसांत नोंद, संपलं. त्या चार ओळींच्या पुढचं जरा लिहायचंय.

झालं असं की पुतणीच्या लग्नाला संगमेश्वराकडे निघालो होतो आणि महामार्गावर एका पुलाच्या कामापाशी आमची गाडी अर्धा तास अडकली. तिथे बूम प्लेसर लावला होता, म्हणजे ते काँक्रीट वर फेकणारं लांब हाताचं मशीन. वर तो एवढा मोठा हात पिलरच्या डोक्यावर हळूहळू फिरतोय आणि तो फिरवणारा कोण, तर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, गाडीपासून लांब सावलीत उभा, गळ्यात पट्टा आणि पोटावर रिमोटचा डबा, दोन दांड्या आणि एक लाल बटण. मध्येच त्याने दांड्या सोडून घाम पुसला तर वरचा हात जिथल्या तिथे थांबला. मी मेकॅनिक माणूस, मला मजा वाटली, खाली उतरून बघत बसलो.

आणि तिथेच रस्त्याच्या पल्याड उतारावर तीन माणसं एक ऐन पाडत होती. चांगला जुना ऐन, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. एकजण पायात स्लिपर घालून कटर, म्हणजे इंजिनवरची चेनची करवत, चालवतोय आणि बाकीचे दोघे खालच्या अंगाला दोर धरून ओढतायत. संपादक साहेब, झाड ज्या बाजूला पडणार त्याच बाजूला ते दोघे उभे, कारण दोर तेवढाच लांब! झाड कडाडलं की दोर टाकून दोघांनी दोन बाजूंना पळायचं, हीच सेफ्टी. त्या दिवशी पळाले, काही झालं नाही, हसत हसत विडी पेटवली. पण मला लग्नात जेवण गेलं नाही. इकडे सिमेंट ओतायला रिमोट आणि तिकडे चार-पाच टनाचं झाड अंगावर घ्यायला नायलॉनचा दोर, आणि दोघांत अंतर किती तर एका रस्त्याचं.

जेवण न जाण्याचं कारण जुनं आहे, ते पण सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धनच्या बाजूने वर चढलं, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचं वारं, आमचा मंडणगड-दापोलीचा पट्टा झोडपून काढला. माझ्या आगरात सकाळी पोफळी मोजल्या होत्या तर संध्याकाळी आडव्या किती ते मोजवेना. रस्ते बंद, लाईट नाही, टॉवर नाही. आठवड्याने गावातली पोरं कटर घेऊन वाडी वाडी मोकळी करत फिरायला लागली, त्यातला एक माझ्याकडे आला. शेजारच्या वाडीतला, तिशीचा, लहानपणापासून बघितलेला, नाव घालत नाही. माझा मोठा फणस मुळासकट उपटून दोन पोफळींवर आडवा झाला होता, पोफळी मोडल्या नव्हत्या, फणसाखाली धनुष्यासारख्या वाकून राहिल्या होत्या. पोफळ किती वाकते ते आगरवाल्यांना सांगायला नको, सुपारी काढणारे एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जातात. त्याने फणसाची वरची फांदी कापली, वजन हललं, आणि खालची पोफळ सुटली. काय झालं ते दिसलंच नाही, नुसता सटकन आवाज, आणि तो गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जाऊन आपटलेला. कटर तसाच फुरफुरत पडलेला. खुर्चीत बसवून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली नेला, रस्त्यात चार ठिकाणी झाडं आडवी, ती कापत कापत दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारची रात्र झाली. खुब्याचं हाड मोडलं होतं, दोन ऑपरेशनं झाली. जगला. आता लंगडतो, मुंबईकरांच्या बंद घरांची राखण करतो, शाकारणी-बिकारणीची कामं गेली ती गेलीच.

दवाखान्याचे निम्मे पैसे मी भरले. बाकीचे निम्मे त्याच्या बायकोचे दागिने. त्याला कामाला मीच लावला होता, आणि "लवकर उरक, उद्या पंचनाम्याला येणारेत" हे पण मीच बोललो होतो. ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून म्हातारपणी हा उद्योग.

तर मग मी वाचायला लागलो. भाचा पुण्यात इंजिनियर आहे, तो काय काय पाठवत असतो, व्हिडिओ असतात, परदेशात कसं करतात वगैरे. एक गोष्ट कळली की झाड तोडणं हे जगात सगळीकडेच मरणाचं काम आहे, आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत सरकार दरवर्षी आकडे काढतं, २०२३ सालचा आकडा असा की सगळ्या नोकऱ्या मिळून लाखामागे साडेतीन माणसं कामावर मेली, आणि लाकूडतोडीत लाखामागे जवळजवळ ९९. आणि हे कुठे, तर जिथे हेल्मेट आहे, बूट आहेत, चेन अडकून बंद पडेल असल्या धाग्यांची पँट मिळते, तिथे! आपल्याकडे हा आकडा निघत असेल तर मला तरी कुठे मिळाला नाही.

न्यूझीलंडचं मला जास्त जवळचं वाटलं, कारण तिथे पण डोंगर, उतार, पाऊस. तिथे पाइनची झाडं लावतात ती अशा उभ्या डोंगरात की आपल्या घाटाची आठवण यावी. २०१३ या एका वर्षात तिथे जंगलकामात दहा माणसं मेली. देश केवढासा, आपल्या मुंबईएवढी पण माणसं नाहीत, तिथे दहा म्हणजे बोंब झाली, चौकशी समिती बसली. त्याच्या आधीपासूनच तिथले संशोधक आणि जंगलवाले एक ध्येय घेऊन काम करत होते, ते मला फार आवडलं, मराठीत सांगायचं तर उतारावर माणूस नको आणि कटरवर हात नको. बस. किती टन लाकूड निघालं पाहिजे, किती पैसा वाचला पाहिजे असलं काही नाही, माणूस तिथून हलवायचा एवढंच.

कसा हलवला ते ऐका. पहिली पायरी म्हणजे आपल्या पोकलेनसारखं चेनपट्ट्याचं मशीन, पुढे बकेटच्या जागी पंजा आणि करवत, ऑपरेटर जाड काचेच्या केबिनमध्ये. पंजाने झाड आधी धरायचं, मग कापायचं, म्हणजे पडायचं कुठे ते झाड ठरवत नाही, मशीन ठरवतं. पण उतार जास्त असला की मशीनच घसरणार, म्हणून वरच्या सपाटीवर दुसरं मशीन उभं करून त्याच्या विंचने तारेने खालच्याला धरून ठेवायचं, जसं विहिरीत उतरलेल्या गड्याला वरून दोघं दोर धरतात तसं. क्लाइंबमॅक्स नावाच्या मशीनमध्ये तर विंच त्याच्याच अंगात बसवलाय, तार वर बांधायची आणि कोळ्यासारखं खाली उतरायचं. पण तरी केबिनमध्ये माणूस आहेच की, तार तुटली, मशीन उलटलं तर काय. म्हणून पुढची पायरी, ते मशीन रिमोटवर चालवायचं. ऑपरेटर लांब उभा किंवा दुसऱ्या गाडीत बसलेला, समोर स्क्रीन, मशीनवर कॅमेरे. स्वीडनमध्ये पण एक बिनमाणसाचं मशीन काढलं होतं, नाव बेस्टेन, म्हणजे त्यांच्या भाषेत जनावर, आणि ते चालवायचा लाकूड वाहणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, आपल्याच सीटवर बसून. नाव बरोबर ठेवलंय.

आता रिमोट म्हटलं की लोक विचारतात रेंज गेली तर, बॅटरी गेली तर. माझ्या चहाच्या टपरीवरच्या मित्रांनी पण हेच विचारलं. त्यांना मी एसटीचा ब्रेक समजावला. लोकांना वाटतं हवा सोडली की गाडी सुटते, पण पार्किंग ब्रेकचं उलटं असतं, तिथे स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि हवा त्या स्प्रिंगला मागे ओढून ठेवते. पाइप फुटला, हवा गेली, की स्प्रिंग आपोआप चाकं आवळते. बिघडलं की गाडी थांबलीच पाहिजे, पळता कामा नये, हे डोकं त्यात आहे. रिमोटच्या मशीनमध्ये पण तेच करतात, सिग्नल तुटला की हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह आपोआप मधल्या जागी येतात, सगळं जिथल्या तिथे थांबतं. त्या पुलावरच्या पोराने हात काढल्यावर मशीन थांबलं ते त्यातलंच.

रिमोटमध्ये खरी अडचण वेगळी आहे आणि ती टपरीवर कोणाला सुचली नाही, ती मला त्या लंगडणाऱ्या पोराने सांगितली. तो म्हणाला, "काका, झाड पडायच्या आधी बोलतं. पायाखालनं कळतं, कानाला कळतं. टीव्हीवर बघून कसं कळणार?" बरोबर बोलला. मी पण इंजिन कानाने ऐकायचो, मीटर नंतर बघायचो. स्क्रीनवर खोली कळत नाही, चित्र पाव सेकंद उशिरा आलं तरी हात चुकतो. न्यूझीलंडवाल्यांना पण याच्यावर डोकं घासावं लागलं. पण मी त्याला म्हटलं, अरे त्या दिवशी पोफळ बोलली का तुझ्याशी? गप्प बसला. मग म्हणाला, "नाय. ती गप होती."

ही मोठी मशीनं इकडे आणा असं मी म्हणत नाहीये, माझा गैरसमज करून घेऊ नका. एकेक हार्वेस्टर, म्हणजे ते पंजा-करवतीचं मशीन, कोटीच्या घरात, आणि ते बनवलंय कशासाठी तर सरळसोट, एका मापाच्या, रांगेत लावलेल्या झाडांसाठी. आमच्याकडे एका गुंठ्यात माड, पोफळी, जायफळ, त्याच्यावर मिरीचे वेल, बांधावर फणस, पलीकडे चुलत भावाचा गडगा आणि त्याच्याशी बोलणं बंद! मशीन आणणार कुठून? पाखाडीवरून? आमच्या पाखाडीवरून म्हैस वळत नाही. आणि आपला आंबा, फणस, ऐन, किंजळ एक झाड दुसऱ्यासारखं नाही, एक इकडे वाकलंय तर एक तीन ठिकाणी फुटलंय. वर सड्यावर जांभा, त्याच्यावर पावसात चेनपट्टा कसा फिरतो ते चिरेखाणीवाल्यांना विचारा. आणि रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावाला, बहुतेक सगळं खाजगी मालकीचं, सातबाऱ्यावर बावीस-बावीस नावं, त्यामुळे शंभर एकर एकदम तोडायचे असला प्रकार नाही, आणि नकोच.

पण सगळे इथेच थांबतात. मोठं मशीन जमत नाही, मग चालू दे आपला दोर. अरे, मधलं काही असतं की नाही?

जर्मनीत २०१८ पासून सलग दुष्काळाची वर्षं गेली, त्यांची स्प्रूस आणि बीचची झाडं उभ्या उभ्या वाळली. वाळकं झाड पाडणं सगळ्यात वाईट, कारण कटरने मागून कापत आणलं की झाड पुढे ढकलायला पाचर ठोकावी लागते, आणि पाचरीवर घण मारला की त्या हादऱ्याने वरची वाळकी फांदी सुटून ठोकणाऱ्याच्याच डोक्यात येते. मग त्यांनी काय केलं, पाचरच रिमोटवर आणली. लोखंडी पाचर, आत जॅकसारखा स्क्रू, बॅटरीची मोटर. खाच घ्यायची, मागून कापायचं, पाचर त्या फटीत बसवायची, आणि आपण लांब निघून जायचं. लांब जाऊन बटण दाबायचं, पाचर हळूहळू आत सरकते, हादरा नाही, घण नाही, झाड पडतं तेव्हा त्याच्या बुडाशी कोणी नसतं. दोन हातात उचलून नेता येते, पाखाडी चढते, गडगा ओलांडते. हे बघितलं आणि मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन केला, म्हटलं हेच ते.

कारण वाळक्या फांदीचं दुखणं आपल्याकडे काय कमी आहे का. जुन्या हापूसला भिरूड लागते, खोड आतून पोकळ, बाहेरून धडधाकट. बांडगूळ चढलेलं असतं ते फांदी वाळवून ठेवतं. कटरवाला खाली मान घालून कापतोय, कानात मशीनचा आवाज, वरून फांदी सुटली तर त्याला कळणार कधी?

दुसरी वस्तू रेडिओ विंच. ट्रॅक्टरच्या मागे विंच, शे-दोनशे फूट पोलादी तार, आणि ऑपरेटरच्या कमरेला हातभर पण नाही एवढा रिमोट. तार झाडाला उंचावर बांधायची, वाटेत दुसऱ्या झाडाला कप्पी लावून फिरवून घ्यायची म्हणजे ट्रॅक्टर पडण्याच्या दिशेला ठेवायची गरजच नाही, आणि माणसाने तिसरीकडे उभं राहून ओढायचं. वादळात अडकलेली, एकमेकांवर रेललेली झाडं सोडवायला याच्यासारखं काही नाही. अडकलेल्या झाडाखाली कधी जायचं नाही हा तिकडचा पहिला नियम, आणि आपल्याकडे अडकलेल्या झाडाखाली जाऊनच ते सोडवतात. माझ्या फणसाला विंच लावून लांबून बाजूला ओढला असता तर पोफळ सुटली असती, गडग्यावर आपटली असती, मोडली असती, जाऊदे एक पोफळ. हिशोब केलाय मी, बऱ्याच वेळा केलाय.

आणि तिसरं, हे तर आपल्याकडे आहेच, फक्त डोकं लावायचंय. पोकलेन आणि हायड्रा आता दर चार गावांमागे एक असतो. युरोपात रस्त्याच्या कडेची धोक्याची झाडं तोडायला क्रेनच्या लांब हाताला पंजा आणि करवत लावतात, फांदी आधी पकडतात, मग कापतात, मग अलगद खाली ठेवतात, लाईटच्या तारेवर काही पडत नाही. काही क्रेनमध्ये ऑपरेटर रिमोट घेऊन खाली उभा असतो, जिथून त्याला नीट दिसतं तिथे. महामार्गाच्या कडेची, शाळेवर झुकलेली, वीजतारांवरची झाडं एवढी जरी अशी तोडली तरी वायरमन लोकांचे किती हाल वाचतील. भर पावसात रात्री दोनला शिडी लावून फांद्या छाटणारा वायरमन मी माझ्या डोळ्यांनी बघतो, खाली उभं राहून बॅटरी धरतो, दुसरं काय करणार.

तर पैशाचं. केंद्राने नमो ड्रोन दीदी योजना काढली, बचत गटाच्या बायकांना फवारणीचा ड्रोन, किमतीच्या ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ८ लाख. चांगली योजना आहे, औषधाचा फवारा अंगावर घेण्यापेक्षा रिमोटने लांबून मारावा, यात काही वाद नाही. मग तोच नियम झाड पाडणाऱ्याला का नाही? औषध हळूहळू मारतं, झाड एका झटक्यात. कृषी औजार बँका आहेत, अनुदानावर पॉवर टिलर, ग्रास कटर, भाड्याने मिळतात. त्याच यादीत किनारपट्टीच्या तालुक्यांसाठी एक रेडिओ विंच आणि दोन रिमोटच्या पाचरी घातल्या तर काय आभाळ कोसळणार आहे. वादळ आलं की हीच औजारं आपत्तीवाल्यांनी घ्यावीत. २०२० ला निसर्ग, मे २०२१ ला तौक्ते, पाठोपाठ दोन वर्षं, दोन्ही वेळा बाहेरून पथकं आली, मनापासून राबली, पण त्यांच्या हातात काय, तर तोच कटर आणि तोच दोर. स्वीडनला जानेवारी २००५ मध्ये गुड्रुन वादळाने साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं, आणि वादळ गेल्यावर साफसफाई करताना पण माणसं मेली, एवढी यंत्रं असलेल्या देशात. म्हणजे वादळानंतरचे महिने हे वादळाइतकेच वाईट असतात, हे आपण कधी धरतच नाही.

कायद्याची तर गंमतच आहे. इंग्रजांच्या १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत झाडं तोडण्याचं काम नाव घेऊन लिहिलं होतं, ताडामाडावर चढणाऱ्यांच्या शेजारीच. म्हणजे हे धोक्याचं काम आहे ते गोऱ्या साहेबाला पण माहीत होतं. पण भरपाई मागायची कोणाकडे? लाकूड व्यापारी म्हणतो माझा माणूस नाही, मुकादम म्हणतो रोजावर आला होता, आगरवाला म्हणतो मी तर उक्तं, म्हणजे ठरल्या पैशात अख्खं काम, दिलं होतं. मी पण उक्तंच दिलं होतं. गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघाताची योजना आहे, मृत्यू झाला तर २ लाख, पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. आमच्या पोराच्या नावावर सातबारा नाही, आजा कुळ होता त्याचं पुढे काही झालंच नाही. आणि खुबा मोडला म्हणजे पाय जागेवर आहे ना, मग कसलं अपंगत्व, असं त्याला एका ऑफिसात ऐकवलं. कुठल्या ते जाऊदे.

गावात बोललो तर दोन आक्षेप आले. एक म्हणजे गड्यांचं काम जाईल. मला नाही पटत. कापणारे गडी मिळतात कुठे आता? जे आहेत ते पन्नाशीचे किंवा बाहेरून आलेले, पोरं सगळी मुंबईला नाहीतर हॉटेलात. जे काम करून बाप लंगडा झाला ते काम पोरगा का करेल? पण पोटावर रिमोट लावून काम करायचं म्हटलं तर येतील, मोबाइलवर दिवसभर गेम खेळतात ती बोटं चालतातच त्यांची. आणि झाडाचं वाकण, वजन, ताण कुठे आहे ते बघायला जुना कापणारा लागणारच, नुसत्या रिमोटवाल्याला ते कळणार नाही. माझ्या त्या लंगड्या पोराला मी हेच म्हटलं, तू नुसता उभा राहून सांग, पाचर कुठे आणि तार कुठे, त्याचे पैसे घे. हसला. "काका, तुमचा रिमोट आला की हाक मारा."

दुसरा आक्षेप जड आहे. तोडणं सोपं झालं की आहेत ते डोंगर पण उघडे होतील. आधीच ट्रकच्या ट्रक जळाऊ लाकूड घाट चढतंय, आणि मी ते नाकारत नाही, रात्री झोपेत आवाज येतो गाड्यांचा. पण हे जे डोंगर उघडे झाले ते स्लिपर घातलेल्या माणसाने आणि नायलॉनच्या दोरानेच झाले ना? माणूस स्वस्त आहे म्हणून तोड स्वस्त आहे. त्याच्या जिवाची किंमत लाकडाच्या दरात धरली असती तर निम्मी झाडं उभी असती, असं माझं आपलं मत. परवानगीचं बघायला वनखातं आहे, त्यांनी ते बघावं, पण परवानगी देताना झाड मोजतात, गोलाई मोजतात, कुठलं झाड ते लिहितात, तोडणार कोण आणि कशाने ते एक ओळ पण विचारत नाहीत. ती ओळ घाला.

आणि आमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला एक विनंती, हक्काने करतो. १९७२ पासून तुम्ही इथे आहात, आंबा देठासकट काढायचा नूतन झेला तुम्ही दिलात, तो आज घरोघरी आहे, फळाला डाग पडू नये म्हणून केवढं डोकं लावलंत. वनशास्त्राचं कॉलेज तुमच्याकडे, अवजारांची इंजिनियर मंडळी तुमच्याकडे, वादळात पडलेली झाडं पण तुमच्याच आवारात होती. एक परदेशी पाचर मागवा, उघडा, बघा, त्यात आहे काय तर मोटर, गिअर, स्क्रू आणि रिमोट. आमच्या डेपोतली पोरं ही वस्तू महिन्याभरात उभी करतील, फक्त आपल्या किंजळाच्या, फणसाच्या लाकडाला किती जोर लागतो ते कोणीतरी मोजून द्यायला हवं, ते तुमचं काम. मी म्हातारा आहे पण वेल्डिंग येतं अजून, बोलवलंत तर पगार नको, चहा पुरे.

तोवर जे फुकट आहे ते तरी करावं. झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट अंतरात कापणाऱ्याशिवाय कोणी नको, चाळीस फुटी झाड तर ऐंशी फूट. हा नियम बाहेर बऱ्याच देशांत आहे, त्याला अनुदान लागत नाही. लागतो फक्त लांब दोर. मी परवा बाजारातून दोनशे फुटी दोर आणि एक कप्पी आणून ठेवलीय पडवीत, वाडीत कोणाला झाड पाडायचं असेल तर घेऊन जातात, परत आणून देतात, एकाने अजून दिलेला नाही.

वहाळाच्या बाजूला माझा दुसरा फणस आहे, निसर्ग वादळात अर्धा उपटलेला, तसाच तिरका उभा आहे, अजून धरतो. लोक म्हणतात काका पाडून टाका, पावसात कोणाच्यातरी डोक्यात जाईल. बरोबर आहे. खालून जाणारी वाट मी काटे टाकून बंद केलीय, पोरं आता वळसा घालून शाळेत जातात आणि मला शिव्या घालतात. पाडायला दोनदा माणूस आला, दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

आपला,
एक रिटायर्ड एसटी मेकॅनिक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी